पाण्याचा तास



मार्च महिन्यात जलदिनाच्या निमित्ताने मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाळेने आम्हांला बक्षीस समारंभाला बोलावले होते. ‘पाणी वाचवा’ हा चित्रकला स्पर्धेचा विषय होता. सभागृहाच्या भिंतींवर सत्तरेक चित्रे लावलेली होती. मुलांनी मेहनत घेतलेली दिसत होती. चार-पाच चित्रे पाहून झाल्यावर आमच्यातली एक कार्यकर्ती म्हणाली, “अगं, यातली गंमत दिसतेय का तुम्हांला?” मग आम्ही मोजायलाच लागलो. नळ वाहता सोडून शेजारणीशी गप्पा मारणारी बाई. भांडी घासताना नळ चालू ठेवणारी बाई. बादली भरून वाहते आहे आणि फोनवर बोलण्यात दंग झालेली बाई. पाणी वाया घालवणारी व्यक्ती जवळपास प्रत्येक चित्रात बाईच! उरलेल्या चित्रांत भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन चाललेली नऊवारीतली बाई. म्हणजे उधळणारीही तीच आणि वणवण करणारीही तीच. गाडी धुणारा पुरुष फक्त दोन चित्रांत होता. धरण, मोठी जलवाहिनी, टँकर, पालिकेचा चावीवाला, यांतले काहीही कुठेच नव्हते.

पहिले बक्षीस सातवीतल्या एका मुलीला मिळाले. तिच्या चित्रात स्वच्छ टाइल्सचे स्वयंपाकघर आणि चकचकीत नळ होता. समारंभ संपल्यावर तिच्याशी बोलत बसलो. घर टेकडीवरच्या वस्तीत. “तुमच्याकडे नळ कुठे आहे गं? आत की बाहेर?” “नळ नाही. खालच्या गल्लीतून पाइप लावतो. पहाटे.” “मग चित्रात असा का काढलास?” “बाईंनी फळ्यावर तसाच काढून दाखवला होता.”

हे आम्ही बाईंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या बाई ठाण्याच्या पलीकडून लोकलने येतात. त्यांच्या सोसायटीत एक दिवसाआड पाणी येते. त्यासाठी त्या साडेचारला उठतात, टाकी भरतात, डबा करतात आणि ६ वाजून काही मिनिटांची गाडी पकडतात. पाण्याबद्दल त्यांना जेवढे ठाऊक आहे तेवढे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसेल. पण वर्गात शिरताना हे सारे ज्ञान त्या दाराबाहेर ठेवतात, कारण त्याला ज्ञान म्हणायचे असते हे त्यांना कुणी कधी सांगितलेलेच नाही. शहरातल्या शिक्षकांचे पाणीविषयक प्रशिक्षण कुठून सुरू व्हायला हवे, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर हेच आहे. बाईंच्या साडेचारपासून.

हा विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. पर्यावरण शिक्षण शाळांतून द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला होता, आणि अंमलबजावणीसाठी न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा बजवावे लागले. महाराष्ट्रात २०२०च्या सुमारास नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय आला, बालभारतीने त्याची पुस्तके काढली. विषय श्रेणीचा आहे. श्रेणीच्या विषयाचे शाळेत काय होते, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. ज्या बाईंचा तास रिकामा असेल त्यांच्या गळ्यात तो पडतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की त्या तासाला गणित होते. तरीही विषय आला ही चांगली गोष्ट आहे. दार किलकिले झाले आहे. प्रश्न आहे तो त्या दारातून आत काय न्यायचे याचा.

सध्या जे आत जाते ते बहुतेक उपदेशाच्या स्वरूपात. दात घासताना नळ बंद करा. शॉवरऐवजी बादली घ्या. होळीला पाणी उडवू नका. यात चुकीचे काहीच नाही. पण ज्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी नळच नाही, तिथे ‘नळ बंद करा’ हा धडा कुणासाठी आहे? पाण्याची राखण करायची तर आधी पाणी आहे कुठे, येते कुठून, कुणाला किती मिळते आणि ते उचलून कोण आणते, एवढे तरी कळायला हवे. बचत शिकवायची आणि वाटप शिकवायचे नाही, हा आमच्या मते निव्वळ अपुरेपणा नाही. त्यातून अन्याय होतो. वस्तीतली मुलगी त्या तासाला मान खाली घालून ऐकते, आणि घरी जाऊन आईला म्हणते, “तू पाणी जास्त वापरतेस.”

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. मग तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. अशा सात जलाशयांतून रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी शहरात येते. सहावीच्या मुलांनाही जमेल असा एक हिशेब करू. लोकसंख्या दीड कोटी धरा. गळती आणि चोरीत पाव हिस्सा गेला म्हणून वजा करा. तो थोडा अधिकही असेल. राहिले ३०० कोटी. माणशी झाले २०० लिटर. कारखाने, हॉटेले, इस्पितळे यांचा वाटा काढला तरी माणसाला पुरेल एवढे पाणी उरते. आणि अनेक वर्षे महापालिकेचे मोजमाप काय होते? इमारतीत राहणाऱ्याला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५. आता ४५ लिटर म्हणजे काय ते मुलांना दाखवा. जुन्या पद्धतीच्या फ्लशला एका वेळी १० लिटर लागतात. म्हणजे चार-साडेचार वेळा साखळी ओढली की वस्तीतल्या माणसाचे दिवसभराचे पाणी संपले. एक हंडा १५ लिटरचा धरला तर ४५ लिटरचे तीन हंडे. पाच माणसांच्या घराला १५ हंडे. वजन करा: सव्वादोन क्विंटल. रोज. खालच्या गल्लीतून टेकडीवर. तराजू शाळेत नसेल तर वाण्याकडून आणा, पण हे वजन मुलग्यांना एकदा तरी उचलून पाहू द्या.

पैशांचाही हिशेब असाच. पालिकेचा घरगुती दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आतला. हजार लिटर म्हणजे सुमारे ६६ हंडे. ज्यांना जोडणी नाही त्यांनी एका हंड्याला दोनच रुपये दिले असे धरले, तरी त्याच पाण्याचे १३२ रुपये झाले. ज्याच्याकडे कमी त्याला महाग, हे गणित वर्गात सोडवले की मुले गप्प बसत नाहीत. आम्ही अनुभवाने सांगतो. ती विचारतात, “का?” आणि इथे शिक्षकाची तयारी लागते.

कारण ‘का’चे उत्तर जलचक्राच्या आकृतीत नाही. ते कायद्यात, इतिहासात आणि जमिनीच्या मालकीत आहे. १९९६ सालच्या सरकारी परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही असे ठरवले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. न्यायालयाने त्याच निकालात असेही म्हटले की अशा रहिवाशांना इतरांच्या बरोबरीचा हक्क सांगता येणार नाही, दरही जास्त लावता येईल. ही दुसरी बाजूसुद्धा मुलांपुढे ठेवायला हवी, चर्चा त्यावरच होते. मग २०१७चे अपवादांनी भरलेले धोरण आले, आणि २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ जाहीर झाले. जाहीर झाल्यानंतर आपल्या वॉर्डात किती जोडण्या झाल्या, हे शोधून काढणे हा नववीच्या वर्गाचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाइपच्या सुरक्षेसाठी हटवली आणि त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना माहुलला नेले. पिढ्यान् पिढ्या अख्ख्या शहराचे पाणी ज्यांच्या उशाशी वाहत होते त्यांचे घरातले हंडे मात्र रिकामे असायचे. त्यांची मुलेही आपल्याच शाळांत होती.

पाइपच्या उलट दिशेने गेले की शहापूर लागते. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे त्या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. पाणी भरायला माणूस हवे म्हणून दुसरी, तिसरी बायको केल्याची उदाहरणे तिथल्या एका गावातून २०१५च्या सुमारास देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत छापून आली. शहरातल्या वाचकांनी ती नवल म्हणून वाचली. ज्या धरणाचे पाणी आपण पितो त्याच्या सावलीतली ही गोष्ट आहे, हे फार थोड्या बातम्यांत होते. आता गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. त्यासाठी वाडा तालुक्यातली गावे उठतील, तानसा अभयारण्यातले जंगल बुडेल. मुंबईच्या मुलांनी ‘पाण्याची जबाबदारी’ शिकायची तर त्यांच्या घागरीत कुणाचे गाव येऊन पडणार आहे, हे त्यांना माहीत नको का?

महाडची आठवण इथे होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा. जलदिन २२ मार्चला. शाळेच्या दिनविशेषात या दोन तारखांमध्ये फक्त एक दिवस आहे, पण हे दोन दिवस एकमेकांना कधी भेटत नाहीत. महाड इतिहासात जाते आणि जलदिन चित्रकलेत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा पाण्याचा पहिला प्रश्न ‘किती’ नसून ‘कुणाला’ हा आहे, असेच ते सांगत होते. शाळेतला पिण्याच्या पाण्याचा माठ कोण भरते, स्वच्छतागृह धुवायला कुणाला पाठवतात, हे आजही नजर उघडी ठेवून पाहण्यासारखे आहे. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच शाळांत माठ मुली भरतात, आणि ‘त्यांना सवय असते’ असे उत्तर मिळते.

सवय! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२३चा अहवाल सांगतो की ज्या घरांच्या आवारात पाणी येत नाही अशा दर १० घरांपैकी ७ घरांत ते आणण्याचे काम बायका-मुलींवर आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याचे कौतुक केले होते. पाणी भरणारे बाबा अजून चित्रात यायचे आहेत.

आता प्रशिक्षणाबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले बरेचसे मोबाइलवर होते. चित्रफीत लावून ठेवायची, शेवटच्या चार प्रश्नांची उत्तरे मैत्रिणीला विचारून टिचकी मारायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. आमच्या ओळखीच्या एक बाई पोळ्या लाटता लाटता तीन प्रशिक्षणे ‘पूर्ण’ करून बसल्या आहेत. त्यांना हसण्यापूर्वी त्या पोळ्या दुसरे कुणी लाटत नव्हते, हे लक्षात घेऊ.

याच्या उलटचे उदाहरण मध्य प्रदेशात होते. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढवला, आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. त्यात शिक्षक उन्हाळ्यात एकत्र येऊन मुलांनी करायचे सारे प्रयोग आधी स्वतःच्या हातांनी करत. चुकत, भांडत, पुन्हा करत. आणि वर्षभर दर महिन्याला भेटून वर्गात काय अडले ते मांडत. आम्हांला यातली महिन्याची भेट सर्वांत महत्त्वाची वाटते. एकदाच्या शिबिराने उत्साह येतो आणि पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत तो ओसरतो. आपल्या कार्यकर्ता शिबिरांचे याहून वेगळे काय होते!

गेल्या वर्षी काही शिक्षिकांबरोबर आम्ही असा एक छोटा गट चालवून पाहिला. पहिल्या दिवशी कुणी व्याख्यान दिले नाही. प्रत्येकीने घरातल्या पाण्याचे २४ तास कागदावर मांडले: किती वाजता येते, कोण उठते, कोण भरते, कोण उकळते, पाणी गेले की कोण चिडते आणि कुणावर. अकराजणींच्या कागदांत ‘कोण भरते’च्या पुढे एकाच घरी नवऱ्याचे नाव होते, तेही ‘रविवारी’. हसणे झाले, मग बराच वेळ कुणी बोलले नाही. दुसऱ्या भेटीत बादली आणि घड्याळ घेऊन शाळेच्या नळाची धार मोजली. ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन आहे का पाहिले. आरोग्यसेविका जी चाचणी रोज करते ती बी.एस्सी. झालेल्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा केली. पाणी पिवळे झाले तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. हे कौतुकापुरते नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा आपल्या नळाचे पाणी तपासायचे कसे, हे किती घरांत ठाऊक होते?

तिसऱ्या भेटीला चावीवाल्यांना बोलावले. कोणत्या गल्लीची चावी किती फेरे फिरवायची आणि किती मिनिटे उघडी ठेवायची, हे ज्यांच्या हातात असते ते गृहस्थ तीस वर्षांत पहिल्यांदाच शाळेत आले होते. त्यांनी फळ्यावर परिसराच्या पाइपांचा नकाशा काढला. असा नकाशा कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

आणि मग प्रश्न आला तो भीतीचा. पालिकेच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “मी मुलांना पालिकेला प्रश्न विचारायला शिकवले तर उद्या मलाच मेमो येईल. तुम्ही मोर्चा काढून घरी जाल.” हे बोलणे आम्हांला लागले, कारण खरे होते. यावर आमच्याकडे धीराचे शब्द सोडून काय आहे? थोडेसे आहे. वर्गात वापरायचा मजकूर सरकारीच असू द्यावा: उच्च न्यायालयाचा निकाल, पालिकेचा अर्थसंकल्प, जलसुरक्षेचे पुस्तक, शिक्षण हक्क कायदा. या कायद्यानुसार शाळेत सुरक्षित पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असायलाच हवे. बहुतेक पुस्तकांत घटनेचे कलम ५१ क छापलेले असते, नद्या-तलावांचे रक्षण हे त्यातले नागरिकाचे कर्तव्य. कर्तव्याशेजारी हक्काचे २१वे कलम शिकवले म्हणून मेमो देणाऱ्याला तो लिहिताना अडचण होईल. पण बाई एकट्या असल्या तर एवढे पुरणार नाही. पालकसभेला वस्तीतल्या बायका बाईंच्या बाजूने बसलेल्या हव्यात. ते काम शिक्षण विभाग करणार नाही, आपले आहे.

आणि ते आपण केलेले नाही, हे कबूल करायला हवे. मृणालताई गोरे १९६१ साली पालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी लढता लढता ‘पाणीवाली बाई’ झाल्या. हंडा मोर्चे आपल्या चळवळीच्या अंगवळणी पडले. पण मोर्च्यातल्या बाईची मुलगी त्याच वेळी शाळेत पाण्याबद्दल काय शिकते आहे, हे पाहायला आपण गेलो नाही. शाळा आपण पर्यावरणवाल्यांवर सोडली, त्यांनी ती बचतीवर सोडली. १९७४ साली पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीप्रमाणे न देता घरातल्या माणसांप्रमाणे द्यायचे, भूमिहीनांनाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम. शहरातल्या एखाद्या वर्गाने हेच नियम आपल्या वॉर्डाला लावून पाहिले तर काय होईल? आम्ही तरी हा तास बसून ऐकू.

त्या गटातल्या एका बाईंनी स्वतःहून एक गोष्ट केली. उशिरा येणाऱ्या मुलांच्या नावापुढे हजेरीपटाच्या समासात त्या पेन्सिलीने ‘पा’ लिहू लागल्या. पाण्यामुळे उशीर झाला असेल तरच. महिनाअखेर पाहिले तर २३ नावे. त्यांतल्या २१ मुली, आणि बहुतेक दोनच गल्ल्यांतल्या, जिथे पाणी साडेसहाला येते आणि शाळा सातला भरते. यादी घेऊन वस्तीतल्या बायका आणि आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेबांनी पाण्याची वेळ बदलली नाही. वरून दाब नाही, म्हणाले. मुख्याध्यापकांनी मात्र या मुलींना गैरहजर मांडणे थांबवले. बाईंनी ती यादी वर्गात वाचून दाखवली आणि मुलग्यांना विचारले, “तुमच्याही घरी त्याच वेळी पाणी येते ना? मग तुम्ही वेळेवर कसे?” एक जण म्हणाला, “माझी ताई भरते.” ती ताई त्याच शाळेत नववीत आहे. तिच्या नावापुढे त्या महिन्यात अकरा वेळा ‘पा’ होते.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची वेळापत्रके ठरतात. आपापल्या भागात शिक्षणाधिकाऱ्यांना भेटून एक दिवस मागून घ्या. वस्तीतल्या दोन बायका आणि एक चावीवाला बरोबर न्या. २४ तासांचा कागद आम्ही छापून ठेवला आहे. हव्या तेवढ्या प्रती मागवा, आणि भरून आलेले कागद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.